मागच्या सीटवरची जागा

१९७४ सालचा ऑगस्ट. त्या वर्षी एप्रिलात लिस्बनमधलं आमचं सरकार उलथलं, आफ्रिकेतल्या लढाईवर जायला नको म्हणून पळून गेलेल्या पोरांना माफी मिळाली, आणि फ्रान्सभर पांगलेली आमची माणसं टपावर गाद्या, सायकली, टेबलफॅन बांधून घराकडे निघाली. आमच्या सोतेलू गावच्या चढावर त्या महिन्यात इतक्या मोटारी आल्या, की कोंबड्यांना रस्ता ओलांडणं मुश्कील झालं.

अमांदियू आणि दियोलिंदा आली ती एका जुन्या निळ्या मोटारीतून. सात वर्षांपूर्वी दोघं रात्रीच्या रात्री डोंगर ओलांडून स्पेनमार्गे पळाली होती, तेव्हा त्यांची मुलगी ओदेत जेमतेम वर्षाची होती. एवढं पोर बर्फातून न्यायचं कसं? म्हणून तिला दियोलिंदाच्या थोरल्या बहिणीकडे, झुल्मीराकडे ठेवलं. झुल्मीराचं लग्न झालं नव्हतं आणि बाप्तिस्म्यात ओदेतला हातावर घेतलेली ती तिची धर्मआई होती. आमच्याकडे धर्मआईला 'मादरीन्या' म्हणतात. पैसे येत राहिले, पत्रं येत राहिली, फोटो येत राहिले. माणसं मात्र पहिल्यांदा येत होती.

दियोलिंदानं सात वर्षं पॅरिसमध्ये लोकांच्या फरश्या पुसताना या क्षणाची चित्रं मनात रंगवली होती. मोटार थांबेल, पोरगी धावत येईल. मोटार थांबली. पोरगी धावली नाही. ती झुल्मीराच्या काळ्या एप्रनमागे उभी राहिली आणि एक डोळा बाहेर काढून बघत राहिली.

"अगं, जा की! तुझी आई आहे ती," झुल्मीरा म्हणाली आणि तिला पुढे ढकललं.

ओदेत पुढे आली. हात जोडून, मान खाली घालून पुटपुटली, "आई, आशीर्वाद."

दियोलिंदाला हसू आलं, रडू आलं, दोन्ही एकदमच. तिनं पोरीला उचललंच. या गालावर मुका, त्या गालावर मुका, पुन्हा या गालावर. पॅरिसला जशी सवय लागली होती तशी. पोरगी काठीसारखी ताठ झाली. खाली ठेवल्यावर ती मागे सरकत सरकत पुन्हा एप्रनमागे गेली.

त्यानंतर पंधरा दिवसांत तिनं आईकडे एकदाही आशीर्वाद मागितला नाही. झुल्मीराकडे मात्र रोज सकाळ-संध्याकाळ. "मादरीन्या, आशीर्वाद." "देव तुला गुणी करो, बाळ." पोरगी तिच्या हाताचं चुंबन घ्यायची आणि उड्या मारत निघून जायची. ते ऐकलं की दियोलिंदाच्या छातीत कोणीतरी निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. आणि पोरगी तिला "तुम्ही" म्हणायची ते ठीक, आमच्याकडे सगळीच पोरं म्हणतात. पण हाक मारायची वेळ आली की ही गप्प. 'आई' नाही, काही नाही. समोर येऊन उभी राहायची, दियोलिंदाचं लक्ष जाईपर्यंत.

आता तिला फ्रान्सला न्यायचं ठरलं होतं. जिल्ह्याच्या गावी, ब्रागान्साच्या कचेरीत दियोलिंदाच्या पासपोर्टावर तिचं नाव चढवून घेतलं. पोरीला जड जाऊ नये म्हणून झुल्मीरानंही दोन महिने सोबत यायचं, असं अमांदियूनं सुचवलं. दियोलिंदा "हो" म्हणाली. नाही कसं म्हणणार? तिनंच तर वाढवली होती.

निघायच्या दिवशी कोंबडं आरवायच्या आत सामान भरलं. बटाटे, तेलाचे डबे, धुरावलेली सॉसेजं, राय नावाच्या धान्याच्या पिठाचे दोन मोठे पाव. झुल्मीरानं ओदेतच्या कपड्याच्या आत, छातीवर, कोथिंबिरीसारख्या पार्सलीची जुडी खोचली.

"हे काय?" दियोलिंदानं विचारलं.

"गाडी लागते तिला. बसनं ब्रागान्साला नेली तेव्हा पुलापाशीच सगळं बाहेर. पार्सली ठेवली की लागत नाही."

"आम्ही औषध आणलंय फ्रान्सहून. गोळी."

"असू दे की. गोळी पण दे, पार्सली पण राहू दे. मळमळीला काय कळतंय, कशानं थांबायचं ते."

अमांदियू हसला. दियोलिंदा हसली नाही.

मोटारीत पुढे अमांदियू आणि दियोलिंदा, मागे झुल्मीरा आणि ओदेत. सीमा ओलांडून स्पेनमधल्या झामोराच्या बाजूला लागेपर्यंत ऊन चढलं. दोन्ही बाजूंना कापलेल्या गव्हाची खुंटं, रस्ता सरळ, पुढे-मागे आपल्यासारख्याच टप वाकलेल्या मोटारी. एखादी जवळून गेली की लोक हात बाहेर काढून ओरडायचे, "कुठले?" अमांदियूही ओरडायचा, "सोतेलू! तुम्ही?" त्याला या प्रवासाची गंमत वाटत होती. दियोलिंदाला समोरच्या छोट्या आरशातून मागचं दिसत होतं, आणि तिला तेवढंच दिसत होतं.

ओदेत झुल्मीराच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. झुल्मीराचं बोट तिच्या भुवईवरून फिरत होतं, एकदा इकडून, एकदा तिकडून. हे हिला कधी सुचलं असेल? कितव्या महिन्यात? दात येत असताना?

"ओदेत, हे बघ काय आहे," तिनं पर्समधून चांदीच्या कागदातली फ्रेंच टॉफी काढली. पोरगी उठली, टॉफी घेतली, "उपकार झाले" म्हणाली, आणि ती झुल्मीराला दाखवली. झुल्मीरानं मान हलवली तेव्हाच तोंडात टाकली.

"विचारतेस काय तिला? मी दिलीय ना?" दियोलिंदाचा आवाज जरा चढलाच.

"तसं नाही गं. गोडानं तिला उलटी होते मोटारीत, म्हणून बघत होती माझ्याकडे," झुल्मीरा म्हणाली.

"मग सांगायचंस ना!"

"तू एवढ्या हौसेनं आणलीस. म्हटलं, असू दे, एक खाऊ दे."

अर्ध्या तासात उलटी झालीच. अमांदियूनं मोटार कडेला घेतली. दियोलिंदा पाण्याची बाटली आणि रुमाल घेऊन उतरली, पण तोवर झुल्मीरानं आपल्या एप्रनमध्ये सगळं झेललं होतं आणि दुसऱ्या हातानं पोरीचं कपाळ धरलं होतं. दियोलिंदानं तोंड पुसायला रुमाल पुढे केला. ओदेतनं मान फिरवली आणि झुल्मीराच्या बाहीला तोंड पुसलं.

"घाणेरडी कुठली," झुल्मीरा लाडानं म्हणाली. मग बहिणीकडे वळून, "तिला अत्तराचा वास सहन होत नाही गं, रुमालाला येतोय. तुला कसं ठाऊक असणार!"

झुल्मीरानं हे समजुतीच्या सुरात म्हटलं होतं. त्यामुळेच ते जास्त लागलं. तुला कसं ठाऊक असणार! सात वर्षं दुसऱ्यांच्या पोरांचे लंगोट धुऊन इथे पैसे कोणी पाठवले? या पोरीच्या पायातल्या चपला कोणाच्या? दियोलिंदानं रुमाल गवतात टाकून दिला.

दुपारी एका ओढ्याकाठी पिंपळासारख्या पानांच्या झाडाखाली पाव-सॉसेज खाल्लं. दियोलिंदानं पीच सोलून फोडी करून ओदेतपुढे ठेवल्या. ओदेतनं त्या झुल्मीराकडे सरकवल्या.

"ती साल काढलेलं खात नाही," अमांदियूच म्हणाला, अगदी सहज. पंधरा दिवसांत त्यालासुद्धा कळलं होतं.

"वा!" दियोलिंदा म्हणाली. "म्हणजे आता तूसुद्धा मला शिकवणार!"

"मी काय म्हणालो?"

"काही नाही. तू मोटार चालव."

संध्याकाळी बुर्गोसला पोचले. स्टेशनजवळ एका विधवेनं दोन खोल्या भाड्यानं दिल्या. जेवण झाल्यावर ओदेत उठली आणि हात जोडून झुल्मीरासमोर उभी राहिली. "मादरीन्या, आशीर्वाद." "देव तुला गुणी करो." मग ती एक पाऊल दियोलिंदाकडे वळली, थांबली, आणि न बोलताच झोपायला गेली.

ती घरमालकीण टेबल पुसत होती. कौतुकानं झुल्मीराला म्हणाली, "किती गुणाची लेक आहे हो तुमची."

झुल्मीरा म्हणाली, "माझी नाही, हिची." पण त्याआधी ती क्षणभर थांबली. तो क्षण दियोलिंदानं पाहिला.

सकाळी अमांदियू टायरमध्ये हवा भरायला गेला होता. ओदेत अजून झोपली होती. झुल्मीरा मागच्या अंगणात नळावर एप्रन धूत होती. दियोलिंदा तिच्यामागे जाऊन उभी राहिली.

"झुल्मीरा, तू परत जा."

झुल्मीरानं वळून पाहिलं नाही. एप्रन पिळत म्हणाली, "कुठे परत?"

"घरी. इथून आगगाडी आहे. मी तिकीट काढून देते."

"दोन महिने यायचं ठरलं होतं ना?"

"तू असेपर्यंत ती माझ्याकडे बघणार नाही. दोन महिन्यांनी तू गेलीस तरी हेच होणार, मग आजच होऊ दे. तुला सात वर्षं मिळाली. मला काय मिळालं? फोटो!"

झुल्मीरानं एप्रन झटकला, दोरीवर टाकला. ओला एप्रन प्रवासात कोण वाळवणार, हे तिच्या ध्यानात आलं असावं, तिनं तो पुन्हा काढून हातात घेतला. "मी घेतली नाही तिला, दियोलिंदा. तू माझ्या हातात दिलीस. त्या रात्री ती रडत होती आणि तू मागे वळून बघितलं नाहीस."

"बघितलं असतं तर गेलेच नसते!"

"ते मला माहीत आहे. म्हणून तर तुला कधी दोष दिला नाही." तिनं ओल्या एप्रनची घडी घातली. "तिला उठवते. सांगून जाते."

"नको. ती आकांत करेल, मग मला नेताच येणार नाही."

"न सांगता जाऊ?"

"हो."

झुल्मीरानं ठिबकणारा नळ घट्ट केला. "जाते," झुल्मीरा म्हणाली. "पण तिच्याशी खोटं बोलू नकोस. ती सगळं सहन करते, खोटं नाही. आणि झोपताना ती जेव्हा—"

"पुरे!" दियोलिंदा म्हणाली. "आता हेही मला शिकवू नकोस. माझी मुलगी आहे. मी शिकेन माझं मी."

झुल्मीरानं एप्रन बोचक्यात कोंबला. बोचकं उचललं. अमांदियू आला तेव्हा त्याला काही सुचेना. "काय चाललंय तुमचं? वेड्या झालात का दोघी?" पण दियोलिंदाचा चेहरा बघून त्यानं जास्त विचारलं नाही. त्याच्या या स्वभावाचा त्याला पुढे फार पश्चात्ताप झाला. त्यानं झुल्मीराला स्टेशनवर सोडलं.

ओदेत उठली तेव्हा तिनं आधी शेजारची उशी चाचपली. "मादरीन्या कुठे आहेत?"

दियोलिंदा रात्रभर ठरवलेलं सगळं त्या एका प्रश्नानं विसरून गेली. "ती आगगाडीनं पुढे गेली. मोटारीत पाय आखडतात ना तिचे. पॅरिसला आपली वाट बघत असेल."

पोरगी थोडा वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग मुकाट्यानं तिनं चपला घातल्या.

त्या दिवशी दियोलिंदा मागे बसली. झुल्मीराच्या जागेवर. सीटवर अजून पार्सलीची दोन पानं पडली होती. तिनं मांडी पुढे केली, "ये, झोप." ओदेत खिडकीला टेकून बसली. व्हितोरिया गेलं, डोंगर सुरू झाले, वळणं आली. पोरगी पांढरीफटक पडली, पण तिनं तक्रार केली नाही, उलटी आली तरी गिळली. दियोलिंदाला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. हवी होती ती जागा मिळाली होती. पण मधे एक हात अंतर होतं, आणि तिथे झुल्मीरा बसलीच होती.

इरूनला फ्रान्सच्या सीमेपाशी मोटारींची रांग डोंगरापर्यंत गेली होती. ऑगस्ट संपत आलेला, सगळ्यांनाच सोमवारी कामावर हजर व्हायचं. तीन तासांनी त्यांचा नंबर लागला. पोलीस जाडा, मिशीवाला, स्पेनच्या गालिसिया प्रांतातला होता. त्याची बोली आमच्या भाषेला इतकी जवळची, की सगळं समजत होतं. पासपोर्ट बघून त्यानं खिडकीतून डोकं आत घातलं आणि गमतीनं विचारलं, "काय गं चिमणे, आई कुठाय तुझी?"

ओदेत म्हणाली, "माझी आई बुर्गोसला उतरली."

पोलिसाचं हसू गेलं. त्यानं पासपोर्ट पुन्हा उघडला. "उतरा. मोटार बाजूला घ्या."

"साहेब, ती लहान आहे, तिची मावशी—" अमांदियू गडबडला.

"तुम्ही नाही. ती बोलेल."

एका खोलीत त्यांना बसवलं. बाहेर हॉर्न वाजत होते. पोलिसानं ओदेतला टेबलावर बसवलं, स्वतः खुर्चीवर बसला, म्हणजे दोघांची तोंडं सारख्या उंचीवर आली. "या बाई कोण?"

"आई." आवाज जेमतेम.

"आणि बुर्गोसला उतरली ती?"

"मादरीन्या."

"मग तिला आई का म्हणालीस?"

ओदेत दियोलिंदाकडे न बघता बोलली. ती इतकं बोलताना दियोलिंदानं पंधरा दिवसांत ऐकलं नव्हतं. "मादरीन्यांनी कपाटावर फोटो ठेवलाय. रोज झोपताना आधी त्याच्याकडून आशीर्वाद घ्यायचा. आई, आशीर्वाद. मग मादरीन्यांकडून. आधी आई, मग मादरीन्या. फोटोतली आई काही बोलायची नाही, पण मादरीन्या म्हणायच्या, ती तिकडे बोलली, इथे ऐकू येत नाही. मग या आल्या. मी मागितला तर या हसल्या. दिलाच नाही. मी काय वाईट केलं होतं?"

पोलिसानं पेन खाली ठेवलं. त्याच्याही गावी हीच रीत असणार. आशीर्वाद मागितल्यावर न देणं म्हणजे काय, ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. घरातून काढून टाकलेल्या मुलालाच तसं गप्प राहून सांगतात. त्यानं दियोलिंदाकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता, पण तिला ती सोसवेना.

अमांदियूनं टोपी हातात घेऊन चुरगाळली.

दियोलिंदा उठली आणि टेबलापाशी गेली. पोरीला हात लावायचं धाडस तिला झालं नाही. "मादरीन्या पॅरिसला नाही," ती म्हणाली. "मी खोटं बोलले. तिला मी घरी पाठवलं. ती जायला तयार नव्हती."

"का पाठवलं?"

"तू तिच्या मांडीवर झोपतेस म्हणून. मला बघवेना."

ओदेत विचार करत होती. आठ वर्षांच्या पोरीला यातलं किती कळलं कोण जाणे, पण मांडीसाठी मोठी माणसंही भांडतात हे तिला पटलं असावं. "मला घरी सोडाल?" तिनं विचारलं.

दियोलिंदाला वाटलं, आता जीव जाईल तर बरं. पण ती "हो" म्हणाली. "नाताळपर्यंत राहून बघ. नाही आवडलं तर मी स्वतः आणून सोडेन. खोटं नाही बोलत."

"मादरीन्यांना पत्र लिहायचं. आजच."

"आजच लिहू."

पोलिसानं पासपोर्टावर शिक्का मारला. ओदेतला टेबलावरून उतरवताना तिच्या कानात तो काहीतरी म्हणाला. काय ते तिनं कधी कोणाला सांगितलं नाही.

पत्र फ्रान्सच्या हद्दीत पहिल्या टपालघरातून टाकलं. दियोलिंदा सांगत गेली, अमांदियूनं लिहिलं, खाली ओदेतनं स्वतःचं नाव घातलं. झुल्मीराचं उत्तर यायला महिना लागला. त्यात बहिणीबद्दल एक शब्द नव्हता, पोरीला पावसात टोपी घालायला सांगितलं होतं.

आशीर्वाद ओदेतनं ऑक्टोबरात मागितला. भांडी विसळताना, पाठमोऱ्या आईकडे. दियोलिंदाचे हात फेसात होते. शब्द तिला नीट आठवले आणि ती नीट बोलली. नाताळात झुल्मीरा आली, महिनाभर राहिली. दोघी बहिणी एका स्वयंपाकघरात वावरल्या, बोलल्या, हसल्यासुद्धा. रात्री ओदेत दोघींकडे जायची. पहिल्यांदा कोणाकडे जाते, हे दियोलिंदा दाराआडून बघायची, आणि ज्या दिवशी झुल्मीराचा नंबर पहिला लागायचा त्या रात्री तिला झोप यायची नाही. ओदेत परत गेली नाही, फ्रान्सलाच राहिली. पण दियोलिंदाच्या मनातून ते कधी पूर्ण गेलं, असं मी सांगितलं तर ते खोटं होईल.

अमांदियूनं गवंडीकाम करत सोतेलूला दुमजली घर बांधलं, बाहेरच्या भिंतींना हिरव्या फरश्यांचं, आणि सिमेंटच्या धुळीनं छाती भरून तो १९९१ साली त्याच घरात वारला. शेवटच्या आजारपणात तो म्हणायचा, "बुर्गोसला मी तिला सोडायला नको होतं." ओदेत लियोंला शाळेत शिकवते, नवरा फ्रेंच आहे. तिचं लग्न मात्र सोतेलूच्या चर्चमध्ये झालं. घरातून निघताना ती गुडघ्यावर बसली ती आधी झुल्मीरासमोर, मग आईसमोर. दियोलिंदा तेव्हा पन्नाशीला टेकली होती. नव्या रेशमी पोलक्यातही ती छातीत निखारा ठेवल्यासारखी उभी होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. झुल्मीरा कधी लग्नाच्या भानगडीत पडली नाही. ती १९९९ साली पडवीत वाटाणे सोलताना गेली, कोणाला त्रास न देता.

दियोलिंदा आता त्या हिरव्या घरात एकटीच असते. पाय दुखतात, कान अजून चांगले आहेत. नोव्हेंबरात सर्व संतांच्या सणाला ओदेत लियोंहून फोन करून ब्रागान्साच्या फुलवाल्याला शेवंती सांगते, एक गुच्छ बापासाठी, एक मादरीन्यासाठी. दियोलिंदा दोन्ही कबरी घासूनपुसून स्वच्छ करते, फुलं ठेवते आणि दर वर्षी शेजारणीला म्हणते, "बघ, झुल्मीराचा गुच्छ पुन्हा मोठा पाठवलाय!"